छोट्या कारला मोटरसायकलचं इंजिन बसवायचंय? आधी हे वाचा

जुनी मिनी, जुनी फियाट ५००, स्मार्ट, नाहीतर स्वतः बांधलेली दोन सीटची किट कार. अशा हलक्या गाडीत हजार-तेराशे सीसीचं मोटरसायकल इंजिन बसलं की तीच गाडी ओळखू येत नाही. इंजिन दहा हजार आरपीएमच्या वर चढतं, गिअर हाताच्या एका झटक्यात पडतो आणि एवढं करून गाडीचं वजन आधीपेक्षा कमी भरतं. मी हे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलंय आणि त्यावर माझं मनापासून प्रेम आहे. अर्धवट राहून ताडपत्रीखाली गेलेल्या गाड्याही बऱ्याच पाहिल्यात. जवळजवळ सगळ्यांची कथा सारखी: इंजिन आधी विकत घेतलं आणि वजनाचा, गिअरचा, तेलाचा हिशेब नंतर मांडला.

ज्यांना इंजिन उतरवता-चढवता येतं, मल्टिमीटर वापरता येतो आणि ज्यांच्या ओळखीत एक चांगला वेल्डर आणि एक लेथवाला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आजवर हातात पाना धरला नसेल तर हे पहिलं काम म्हणून घेऊ नका.

कल्पना जुनीच आहे. १९४६ साली चार्ल्स आणि जॉन कूपर या बापलेकांनी फियाट टोपोलिनोचे पुढचे भाग वापरून छोटी रेसिंग कार बांधली आणि त्यात जेएपी या ब्रिटिश कंपनीचं ५०० सीसीचं मोटरसायकल इंजिन चालकाच्या पाठीमागे ठेवलं, कारण तिथून मागच्या चाकांना चेन जोडणं सोपं होतं. १९५५ मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू इसेटातलं २४७ सीसीचं इंजिनही मोटरसायकलचंच. या दोन्ही गाड्या चालल्या त्या मुळात हलक्या होत्या म्हणून. पुढचे सगळे टप्पे वाचताना हा मुद्दा डोक्यात असू द्या.

१. आधी कागद

इंजिन बदललं की नोंदणीतला इंजिन क्रमांक आणि क्षमता बदलते, उत्सर्जनाचा प्रश्नही येतो. कुठे वेगळी तपासणी होऊन अशी गाडी रस्त्यावर येते, कुठे परवानगी मिळतच नाही आणि गाडी फक्त ट्रॅकवर चालवावी लागते. नोंदणी करणाऱ्या कार्यालयाला तीन प्रश्न नेमके विचारा: उत्सर्जनाचा निकष गाडीच्या वर्षाचा धरणार की इंजिनाच्या वर्षाचा, आवाजाची मर्यादा किती, आणि रिव्हर्स सक्तीचा आहे का. उत्तर लेखी घ्या. विमा कंपनीलाही कामाआधीच कळवा. न कळवलेल्या बदलावर दावा नाकारला जाऊ शकतो आणि अपघातात दुसऱ्या कुणाला इजा झाली तर सगळा बोजा तुमच्यावर येतो.

एक फाईल आजच सुरू करा. त्यात हे कागद हवेत:

– इंजिनाच्या खरेदीचं बिल, त्यावर इंजिन क्रमांक
– ज्या बाईकमधून इंजिन आलं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि ती चोरीची नसल्याची खात्री
– इंजिन परदेशातून आलं असेल तर आयातीचे कागद
– गाडीचं आधीचं आणि नंतरचं वजन, वजनकाट्याच्या पावतीसह
– प्रत्येक ब्रॅकेटचे, वेल्डचे, ब्रेक आणि पेट्रोल लाइनचे फोटो, झाकलं जाण्याआधी काढलेले
– जिथे लागेल तिथे अभियंत्याचा दाखला

यातले फोटो काढायला लोक हमखास विसरतात. तपासणीच्या दिवशी सीट आणि कार्पेट उचकटायची वेळ येते.

२. गाडी: वजन हाच पहिला निकष

मोठी स्पोर्ट्स बाईक आणि तिचा स्वार मिळून साधारण २८० ते ३०० किलो होतात. इंजिनाचा क्लच आणि गिअरबॉक्स त्या वजनासाठी बनलेले असतात. आता तोच क्लच चालकासह सातशे किलोची गाडी जागेवरून हलवणार. त्यामुळे माझा सल्ला सरळ आहे: रिकामी गाडी ६५० किलोच्या आत असेल तर पुढे जा. आठशेच्या जवळ असेल तर हा विचार सोडा, तिला कारचंच इंजिन शोधा. गाडी चालेल हो, पण चढावर प्रत्येक वेळी क्लचचा वास येईल आणि महिन्याभरात तुमचं मन त्यावरून उडेल.

हजार ते तेराशे सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन गिअरबॉक्ससकट सुमारे ६० ते ८५ किलो भरतं. जुन्या मिनीचं मूळ इंजिन-गिअरबॉक्स याहून बरंच जड आहे. म्हणजे गाडीचं पुढचं नाक हलकं होऊन वर उठतं. सस्पेन्शनची उंची आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचं वाटप पुन्हा जुळवावं लागेल, हे आताच लिहून ठेवा.

३. इंजिन कुठे आणि कोणत्या तोंडाने

मांडणीचे तीन प्रकार पडतात. फियाट ५००, फियाट १२६, स्मार्ट या गाड्यांचं इंजिन मुळातच मागे. तिथे बाईकचं इंजिन मागे ठेवून चेनने चालणारा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) बसवतात. नवख्यासाठी हीच मांडणी सगळ्यांत सोपी. मिनीसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हेच सगळं पुढच्या सबफ्रेममध्ये कोंबावं लागतं. जागा कमी, त्यात एक्झॉस्ट, स्टिअरिंग रॅक आणि चेन एकमेकांच्या आड येतात. तिसरा प्रकार इंजिन पुढे आणि मागची चाकं फिरणाऱ्या गाड्यांचा. त्यात इंजिन ९० अंशांत वळवून, स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकाच्या) जागी अडॅप्टर लावून प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडे जोर नेणारा लांब दांडा, जोडतात.

इथे एक मोठा सापळा आहे. चेन दिशा बदलत नाही. स्प्रॉकेट ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने डिफरन्शियल फिरतो. म्हणून चेनच्या मांडणीत इंजिनाचं तोंड बाईकमध्ये असतं तसं, म्हणजे एक्झॉस्टची बाजू गाडीच्या पुढच्या दिशेला हवी. जागा मिळावी म्हणून इंजिन उलटं फिरवलं तर गाडीला सहा रिव्हर्स गिअर मिळतील. शाफ्टच्या मांडणीत बाईकची डावी बाजू, म्हणजे बहुतेक जपानी इंजिनांची स्प्रॉकेटची बाजू, गाडीच्या मागच्या दिशेला येते. मग एक्झॉस्ट गाडीच्या डावीकडे उघडतो आणि शाफ्ट नेहमीच्या कारमध्ये फिरतो त्याच दिशेने फिरतो. डिफरन्शियल उलटा बसवायची गरज पडत नाही. स्टिअरिंगचा दांडा डावीकडून जात असेल तर मात्र एक्झॉस्टच्या उष्णतेचा विचार आधी करा.

४. इंजिन निवडताना

सुझुकी हायाबुसा या कामासाठी सगळ्यांत जास्त वापरलेल्या इंजिनांपैकी एक आहे. १९९९ चं पहिलं रूप १२९९ सीसीचं, २००८ पासूनचं १३४० सीसीचं. पहिल्या रूपाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) १३८ एनएमच्या आसपास आहे आणि तो इतर बाईकच्या मानाने खालच्या आरपीएमला मिळतो. वजन हलवायला हाच टॉर्क लागतो. यामाहा आर-१ हलकी आणि आखूड आहे. १९९८ च्या आर-१ मध्ये गिअरबॉक्सचे शाफ्ट एकावर एक रचून इंजिनाची लांबी कमी केली होती, अरुंद जागेत त्याचा फार फायदा होतो. होंडाची फायरब्लेड, १९९२ च्या ८९३ सीसीपासून पुढची, पाचशे किलोच्या आतल्या गाडीत छान चालते. सहाशे सीसीची इंजिनं स्वस्त मिळतात म्हणून मोह होतो. त्यांचा जोर आठ हजारांच्या पुढे सुरू होतो, त्यामुळे चारशे किलोच्या वरच्या गाडीला ती घेऊ नका.

नुसतं इंजिन कधीच विकत घेऊ नका. शक्य असेल तर अपघातात गेलेली अख्खी बाईक घ्या आणि ती चालू स्थितीत ऐका. ते जमत नसेल तर निदान एवढं एकाच बाईकचं मिळालं पाहिजे: इंजिन, ईसीयू (इंजिनाचा संगणक), संपूर्ण वायरिंग हार्नेस (वायरींचा जुडगा), किल्लीचं स्विच आणि किल्ली, मीटर, थ्रॉटल बॉडी किंवा कार्बोरेटर, एअरबॉक्स, पेट्रोल पंप, क्लचचा सिलिंडर किंवा केबल, स्टार्टर रिले, रेक्टिफायर, सगळे सेन्सर. ज्या बाईकमध्ये इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) आहे तिची किल्ली आणि ईसीयू जोडीनेच चालतात. दुसरीकडून आणलेला ईसीयू तिथे दगड आहे. त्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल वायरिंगच्या नकाशासह मिळवा. त्याशिवाय वायरिंगचा दहावा टप्पा पार होणार नाही.

अपघातातल्या बाईकची तपासणी अशी करा. ऑइल फिल्टर कापून कागदाच्या घड्या उजेडात बघा. धातूचा चुरा दिसला तर बाईक आडवी पडून तेलाविना फिरत राहिली असण्याची शक्यता आहे, ते इंजिन सोडा. केसिंगवरचे माउंटिंगचे कान तडकले आहेत का बघा, विशेषतः डाव्या बाजूचे. स्प्रॉकेटचा शाफ्ट फिरवून तो वाकलेला नाही याची खात्री करा. कॉम्प्रेशन मोजा. बाईक चालू असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये जोरात रेस देऊन गिअर सुटतो का ते बघा, कारण डॉग (गिअर एकमेकांत अडकवणारे दात) झिजले की आधी तिथेच कळतं.

५. गिअरचा हिशेब: संपूर्ण कामाचा गाभा

कागद-पेन्सिल घ्या. बाईकमध्ये तीन ठिकाणी वेग कमी होतो: क्रँकपासून क्लचपर्यंतचा प्रायमरी, मग गिअर, मग स्प्रॉकेट किंवा डिफरन्शियल. या तिघांचा गुणाकार म्हणजे एकूण प्रमाण.

उदाहरण पहिल्या हायाबुसाचं घेतो. प्रायमरी १.५९६, पहिला गिअर २.६१५, सहावा १.०४३. टायर समजा १६५/६० आर १२, म्हणजे व्यास सुमारे ५०३ मिमी आणि परीघ १.५८ मीटर. सहाव्या गिअरमध्ये १०,५०० आरपीएमला ताशी १८० किमी हवेत. १८० म्हणजे मिनिटाला ३,००० मीटर, भागिले १.५८, म्हणजे चाक मिनिटाला सुमारे १,९०० फेरे घेणार. इंजिनाचे १०,५०० भागिले प्रायमरी आणि सहाव्याचा गुणाकार १.६६५, म्हणजे स्प्रॉकेट ६,३०० च्या आसपास फिरणार. ६,३०० ला १,९०० ने भागलं की शेवटचं प्रमाण ३.३२ येतं. बाईकवर हेच प्रमाण १७ आणि ४० दातांचं, म्हणजे २.३५ होतं.

आता खरा प्रश्न: गाडी जागेवरून कशी निघेल? ३.३२ धरून पहिल्या गिअरचं एकूण प्रमाण १३.९ च्या जवळ येतं. ३,००० आरपीएमला त्या गिअरमध्ये गाडी ताशी २० किमी जाते. म्हणजे इंजिन तीन हजारांवर ठेवून निघालात तर वेग वीसवर येईपर्यंत क्लच घसरत राहणार. जुनी मिनी दीड हजार आरपीएमला बाराच्या आसपास असते, तिचा क्लच तिथेच पूर्ण पकडतो. बाईकच्या इंजिनाला जड फ्लायव्हील नसतं, त्यामुळे दीड हजारावर निघायला गेलात तर ते बंद पडेल. फरक इथे आहे आणि क्लच जळतो तोही इथेच.

कमाल वेग १५० वर आणलात तर शेवटचं प्रमाण ३.९९ होतं आणि तेच तीन हजार आरपीएम ताशी १७ वर येतात. किंमत अशी की ताशी १०० किमीला सहाव्या गिअरमध्ये इंजिन ५,८०० ऐवजी ७,००० वर फिरेल. गाडी रस्त्यावर जास्त चालवणार असाल, सिग्नल आणि चढ असतील, तर मी १५० चा हिशेब धरेन. ट्रॅकवर १८० चा.

दातांची संख्या ठरवताना पुढचं स्प्रॉकेट १५ दातांच्या खाली नेऊ नका, चेन फार तीव्र वळते आणि लवकर झिजते. १५० च्या हिशेबाला, १५ ला ६० दातांचं मागचं स्प्रॉकेट लागेल. ५३० च्या चेनवर त्याचा व्यास ३० सेंटिमीटर होतो. ते बसेल का आणि खाली जमिनीपासून किती अंतर राहील, हे पुठ्ठ्याची चकती कापून गाडीत धरून बघा. शाफ्टच्या मांडणीत हेच प्रमाण डिफरन्शियलमधून येतं, म्हणून डिफरन्शियल विकत घेताना त्यावरचं प्रमाण बघूनच घ्या.

६. हत्यारं, मांडणी आणि माउंटिंग

इंजिन उचलायची घोडी, भक्कम स्टँड, मिग किंवा टिग वेल्डिंग, ग्राइंडर, व्हर्निअर, लेव्हल, ओळंबा, टॉर्क पाना, मल्टिमीटर आणि भरपूर पुठ्ठा. याच इंजिनाचं एखादं फुटकं, आतून रिकामं केसिंग मिळालं तर जरूर घ्या. मांडणीच्या काळात इंजिन शंभरदा आत-बाहेर करावं लागतं आणि रिकामं केसिंग दोन माणसं हाताने उचलतात.

बाईकमध्ये इंजिन फ्रेमचाच एक भाग असतं, म्हणून त्याला बरेच बोल्ट असतात. सगळे मूळ बोल्ट वापरा. दोन-तीन कानांवर सगळा भार टाकला की अल्युमिनिअम तडकतं. चेनच्या मांडणीत माउंटिंग कडक ठेवा, कारण रबराच्या बुशवर इंजिन हललं की चेनचा ताण बदलतो. शाफ्टच्या मांडणीत रबर चालतं आणि केबिनमधली थरथर बरीच कमी होते. इंजिनाचा पुढे-मागे झुकाव बाईकमध्ये होता तेवढाच ठेवा. बॉनेट बंद होत नाही म्हणून इंजिन झोपवलं तर तेलाची पातळी आणि कार्बोरेटरचे फ्लोट दोन्ही चुकतात. वेल्डिंग करताना बॅटरी आणि ईसीयू काढून ठेवा.

७. चेन किंवा शाफ्ट

चेनसाठी दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत हवीत. सरळ पट्टी लावून बघा, डोळ्यावर विसंबू नका. ताण जुळवण्यासाठी डिफरन्शियलच्या पाळण्याला लांबट भोकं द्या. पुढच्या स्प्रॉकेटभोवती स्टीलची जाड पट्टी हवीच. तुटलेली चेन गोळा होऊन क्रँककेस फोडते, आणि चेन केबिनजवळून जात असेल तर माणसाच्या दिशेनेही येते. तिथे पातळ पत्रा चालत नाही.

शाफ्ट असेल तर लक्षात ठेवा की वरच्या हिशेबात तो मिनिटाला सहा हजारांहून जास्त फेरे घेतोय. एक सलग लांब शाफ्ट एवढ्या वेगाला धनुष्यासारखा वाकू लागतो. मध्ये बेअरिंग देऊन त्याचे दोन तुकडे करा, बॅलन्सिंग करून घ्या आणि दोन्ही तुकड्यांभोवती स्टीलचे कडे लावा. अडॅप्टर लेथवर करताना स्प्लाइन (शाफ्टवर अडकणाऱ्या खाचा) मूळ स्प्रॉकेटमधून कापून घेणं सोपं पडतं, पण तो जोड नीट मध्यावर आला पाहिजे. थोडा जरी लंगडला तरी गिअरबॉक्सचं बेअरिंग जातं.

८. तेल: इंजिनं इथे मरतात

बाईक वळणावर झुकते. तिच्यावरचा एकूण जोर सीट ते जमीन या रेषेतच राहतो, म्हणून तेल ऑइल पॅनच्या तळाशीच बसून असतं. कार झुकत नाही. एक जीच्या, म्हणजे वजनाइतकाच आडवा जोर पडणाऱ्या वळणावर पॅनमधल्या तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांत कलतो आणि तेल एका भिंतीवर चढतं. तेल ओढणारी जाळी उघडी पडली की पंप हवा ओढतो. दहा हजार आरपीएमवर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग खराब व्हायला काही सेकंद पुरतात. इंजिन ९० अंशांत वळवलं असेल तर वळणाचा जोर इंजिनाच्या लांबीत पडतो, तो बाईकला ब्रेकमुळे थोडाफार सवयीचा आहे. पण मग ब्रेक आणि पिकअपचा जोर आडवा पडतो. सुटका कुठल्याच मांडणीत नाही.

उपाय पायरीपायरीने करा. पहिली पायरी, पॅनमध्ये जाळीभोवती आडपडदे म्हणजे बॅफल, ज्यांच्या झडपा तेलाला आत येऊ देतात पण बाहेर जाऊ देत नाहीत. हे प्रत्येक गाडीला हवंच, रस्त्यावरच्या साध्या गाडीलाही. दुसरी पायरी, दाबाखाली तेल साठवणारी टाकी, जी दाब घसरला की तेल परत इंजिनात ढकलते. तिसरी पायरी ड्राय सम्प, म्हणजे तेल पॅनऐवजी वेगळ्या टाकीत ठेवणारी यंत्रणा, चिकट टायरवर ट्रॅक चालवणाऱ्यांसाठी. जमिनीपासून अंतर मिळावं म्हणून पॅन कापून उथळ केला तर जाळीची नळीही तेवढीच छोटी करा आणि जाळी व तळ यांतलं अंतर मूळइतकंच ठेवा. उथळ पॅन आणि बॅफल नाही, ही जोडी इंजिनाचा जीव घेतेच.

तेलाच्या दाबाचा काट्याचा मीटर लावा. बाईकचा लाल दिवा दाब जवळजवळ संपल्यावर लागतो, तोवर उशीर झालेला असतो. काट्याखेरीज डोळ्यांसमोर एक प्रखर दिवा ठेवा, जो दाब त्याहून बराच वर असतानाच पेटेल.

आणि तेल मोटरसायकलचंच भरा, ज्यावर जासो एमए किंवा एमए२ (बाईकच्या तेलाचा जपानी दर्जा) लिहिलेलं असतं. बाईकचा क्लच याच तेलात बुडालेला असतो. घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेलं कारचं तेल भरलं की क्लच घसरायला लागतो, आणि माणूस कारण भलतीकडेच शोधत बसतो.

९. क्लच, गिअर आणि रिव्हर्स

क्लचच्या स्प्रिंग जास्त ताकदीच्या बसवा. पेडलला खाली अडवणारा बोल्ट द्या. पायाची ताकद हाताच्या कितीतरी पट, पेडल पूर्ण दाबलं की प्लेटा गरजेपेक्षा जास्त उघडून यंत्रणा वाकते. हायड्रॉलिक असेल तर पेडलचा मास्टर सिलिंडर बाईकच्या मूळ मास्टरइतकंच तेल ढकलेल असा निवडा.

गिअर क्रमाने पडतात, पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये न्यूट्रल. लिव्हर असं जोडा की मागे ओढल्यावर वरचा गिअर आणि पुढे ढकलल्यावर खालचा. जोरात पिकअप घेताना शरीर मागे रेटलं जातं, तेव्हा मागे ओढणं सहज होतं. केबल चालते, पण लिव्हरवर दोन्ही बाजूंना अडथळे द्या, नाहीतर गिअरबॉक्समधला सिलेक्टर फोर्क वाकतो. कुठला गिअर आहे हे दाखवणारा आकडा लावाच.

रिव्हर्स या इंजिनांना नसतोच. शाफ्टच्या मांडणीत शाफ्टच्या मध्ये बसणारा तयार रिव्हर्स बॉक्स मिळतो. महाग आहे, पण काम पक्कं. चेनच्या मांडणीत स्टार्टर मोटर आणि डिफरन्शियलवर दातांची कडी हा उपाय स्वस्त आणि हलका. होंडाच्या गोल्डविंगमध्ये १९८८ पासून रिव्हर्ससाठी स्टार्टर मोटरच वापरली गेली. गाडी न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय ही मोटर फिरणार नाही अशी जोडणी हवी. न्यूट्रलचं स्विच इंजिनावर आधीच असतं, त्यातूनच रिले चालवा.

१०. वायरिंग

हार्नेस कापू नका. आधी बाईकचं अख्खं हार्नेस जमिनीवर पसरून, सगळं जोडून, इंजिन गाडीबाहेर स्टँडवर चालू करा. चालू झालं की मग एकेक वायर ओळखून, चिठ्ठी लावून, नको ते काढा. साइड स्टँडचं आणि क्लचचं स्विच मॅन्युअल बघून जोडून टाका. बाईक पडल्यावर इंजिन बंद करणारा टिल्ट सेन्सर मूळ होता तसाच उभा बसवा. काहीजण तो काढून रेझिस्टर लावतात. तसं केलंत तर धक्क्याने पेट्रोल पंप बंद करणारं इनर्शिया स्विच लावल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

विजेचा हिशेबही मांडा. बाईकचा अल्टरनेटर साधारण ३०० ते ४०० वॅट देतो, तोही आरपीएम चढल्यावर. हेडलाइटचे ११० वॅट, पेट्रोल पंप, ईसीयू, रेडिएटरचा पंखा, वायपर, ब्लोअर अशी बेरीज केली की पावसाळी रात्री आयडलिंगला बॅटरी उतरत जाते. एलईडी दिवे लावा, ब्लोअर छोटा ठेवा, मागच्या काचेचा हीटर विसरा.

११. पेट्रोल, पाणी, ब्रेक

इंजेक्शनच्या इंजिनाला पंपाचा दाब सुमारे ३ बार लागतो. गाडीच्या टाकीत वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं, म्हणून मध्ये छोटी स्वर्ल पॉट टाकी द्या. कार्बोरेटर असतील तर उलट, कमी दाबाचा पंप आणि रेग्युलेटर लावा, नाहीतर फ्लोटची सुई उघडून पेट्रोल वाहतं. एअरबॉक्स जमेल तितका मूळचाच ठेवा. बाईकचा छोटा रेडिएटर पुरत नाही, छोट्या कारचा आणि थर्मोस्टॅटिक पंखा घ्या. पाण्याच्या वाटेतली सगळ्यांत उंच जागा एक्स्पान्शन टाकी असू द्या, म्हणजे हवा अडकत नाही.

ब्रेककडे फार थोडे लोक लक्ष देतात. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल असल्यामुळे बाईकचं इंजिन ब्रेकच्या सर्व्होला (पेडलचा जोर वाढवणाऱ्या यंत्रणेला) स्थिर व्हॅक्यूम देत नाही. पहिल्यांदा ब्रेक लागतो, दुसऱ्यांदा पेडल दगडासारखं होतं. विजेवर चालणारा व्हॅक्यूम पंप बसवा, नाहीतर सर्व्हो काढून योग्य मापाचा मास्टर सिलिंडर आणि पेडलचं प्रमाण बदला. हे झाल्याशिवाय गाडी गल्लीतही फिरवू नका.

१२. पहिला स्टार्ट आणि पहिले पाचशे किलोमीटर

स्पार्क प्लग काढा, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा आणि स्टार्टरवर इंजिन थोडं थोडं फिरवा, तेलाचा काटा हलेपर्यंत. मगच प्लग लावून चालू करा. पंखा आपोआप लागून बंद होईपर्यंत आयडलिंगला ठेवा, हातात अग्निशामक घेऊन एक माणूस बाजूला उभा ठेवा. थंड होऊ द्या, तेल-पाणी पुन्हा बघा. चाकं हवेत ठेवून पहिला गिअर टाका आणि गाडी पुढे जाणार आहे की मागे, हे तिथेच बघून घ्या.

माउंटिंग, स्प्रॉकेटचा नट, डिफरन्शियल आणि ड्राइव्ह शाफ्टच्या प्रत्येक बोल्टवर टॉर्क दिल्यानंतर रंगाची एक रेघ ओढा. पहिल्या वीस किलोमीटरनंतर, मग शंभरनंतर, मग पाचशेनंतर त्या रेघा बघा. रेघ तुटली म्हणजे बोल्ट हलला. स्प्रॉकेटचा नट सगळ्यांत आधी ढिला होतो, त्याची वाकवायची वॉशर नवीच लावा. नवी चेन पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये ताणली जाते, ताण पुन्हा जुळवा. पाचशेला तेल बदला आणि फिल्टर कापून त्याच्या घड्या पुन्हा उजेडात धरा. त्यात काही चमकत नसेल तर क्लच आणि बेअरिंग ठीक आहेत. चमकत असेल तर पॅन खाली उतरवा आणि आडपडद्यांपासून सुरुवात करा.